पाटावरचा फायरमन

परवा शेजारच्या हिलालआबांच्या मुलाचा, भूषणचा फोन आला. "काका, यंदा आखाजीला आबांच्या पाटावर तुम्ही बसायचं. घरात सगळ्यांचं तेच म्हणणं आहे." मी हो म्हणालो आणि फोन ठेवला.

अक्षय्य तृतीयेला आम्ही खानदेशात आखाजी म्हणतो. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरतात, तिच्यावर डांगर ठेवतात. डांगर म्हणजे खरबूज. ताटातला पहिला घास निखाऱ्यावर टाकतात, त्याला आगारी म्हणतात. आणि घराबाहेरच्या एखाद्या माणसाला पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालतात. तो जेवला म्हणजे गेलेला जेवला. लहानपणापासून हे बघत आलो, पण कुणाच्या पाटावर बसायची वेळ आली नव्हती. पितर होऊन बसणं किती अवघड असतं, हे मला ज्यांच्यामुळे कळलं त्यांच्याच पाटावर आता मला बसायचं आहे. भूषणला त्यातलं फारसं काही ठाऊक नाही.

हिलालआबा गेल्या पावसाळ्यात गेले. धुळ्याला देवपुरात त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. तरुणपणी ते वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. पुढे वाफ गेली, डिझेल आलं, आबा ड्रायव्हर झाले आणि ड्रायव्हर म्हणूनच निवृत्त झाले. तरी कुणी विचारलं, तुम्ही रेल्वेत काय होता, तर उत्तर एकच. "फायरमन." डिझेलच्या सगळ्या वर्षांबद्दल ते एवढंच म्हणत, "तठे देखासारखं काही नव्हतं."

माझा सगळा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करण्यात गेला. तिथं मोठ्यानं बोलणाऱ्याकडे नुसतं बघायचं, की तो गप्प होतो. आबांचं सगळं आयुष्य भट्टीसमोर ओरडून बोलण्यात गेलेलं, त्यात डावा कान बाद. मी बोलायचो ते त्यांना ऐकू यायचं नाही, ते बोलायचे ते गल्लीला ऐकू जायचं. माझी बायको शैला म्हणायची, "तुमच्या दोघांच्या गप्पांत निम्म्या गप्पा आम्ही ऐकतो आणि निम्म्या देव ऐकतो."

ते पहिल्यांदा आमच्या घरी आले तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी शैला त्यांच्यावर रागावली होती. उन्हाळ्याचे दिवस. तिनं काचेच्या पेल्यात माठातलं पाणी आणून दिलं, अगदी काठापर्यंत. आबांनी पेला डोळ्यांसमोर धरला, बाजूनं बघितला, मग शांतपणे उंबऱ्याबाहेर थोडं पाणी ओतलं. पुन्हा बघितला. आता पेल्यात पाण्याची रेघ दिसत होती. मग ते घटाघटा प्यायले.

ते गेल्यावर शैला म्हणाली, "पाण्यात काय माती होती की काय? माझ्यासमोर ओतून दिलं!"

पुढच्या वेळी तिनं मुद्दाम स्टीलचा गडू दिला. आबांनी वरून एकदा आत बघितलं आणि न सांडता पिऊन टाकलं. नंतर आमच्या लक्षात आलं की त्यांच्या घरात काचेचा एकही पेला नाही. काचेची बरणी नाही, लोणचंसुद्धा चिनी मातीच्या सटात. गल्लीतल्या पोरांनी तर त्याचा खेळच केला होता. पारदर्शक बाटली गच्च भरून आबांपुढे धरायची आणि ओरडायचं, "आबा, भरेल शे का रिकामी?" आबा कधी हसले नाहीत, कधी चिडले नाहीत. प्रत्येक वेळी तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "आडवी कर." पोरं बाटली आडवी करायची, आतला बुडबुडा सरकायचा आणि आबा म्हणायचे, "हां. भरेल शे."

दुसरी सवय घरच्यांना जीव नकोसा करणारी. आबांना "केलं का?" असा प्रश्न विचारायची सोय नव्हती. दार लावलं का, दिवा मालवला का, चष्मा घेतला का, काहीही विचारा, ते आठवून उत्तर देत नसत. उठून जात, बघत, परत येत, मग सांगत. एकदा आम्ही सगळे त्यांच्या भाचीच्या लग्नाला जळगावला निघालो होतो. बस पारोळ्याला थांबली तेव्हा भूषणनं सहज विचारलं, "आबा, निघताना पाण्याची मोटर बंद केली होती ना?"

आबांनी पिशवी उचलली आणि खाली उतरले.

"अहो आबा, बंदच असेल!" भूषण खिडकीतून ओरडला.

"असेल ते मी सांगत नाही," आबा म्हणाले. आमच्याशी ते असं अर्धं पुस्तकी बोलत. "देखी येस आणि सांगस."

रस्ता ओलांडून ते धुळ्याकडच्या बसमध्ये चढलेसुद्धा. मोटर बंदच होती. आबा जळगावला पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि शेवटची पंगत उठत होती. बहिणीनं सगळ्यांदेखत टोमणा मारला, "ये भाऊ, ये. पोरगी सासरी जाई राह्यनी, तिले तरी देखी ले." आबांनी भाचीला जवळ घेतलं आणि बहिणीला सांगितलं, "मोटर बंद शे." एवढे लोक हसले, पण आबांच्या चेहऱ्यावर खरंखुरं समाधान होतं. घरात कुणाचा जीव वाचवून आल्यासारखं.

त्यांच्या हातांबद्दल मी कधी विचारलं नाही. मनगटापासून बोटांपर्यंत कातडी गुळगुळीत, चकचकीत, एक केस नाही. फायरमनचे हात असेच असणार असं मी धरून चाललो होतो.

बोदवडजवळ माझ्या साडूंचं शेत आहे. दर हिवाळ्यात तिथं भरीताची पार्टी असते. एका वर्षी मी आबांना बरोबर नेलं. हिरवी मोठी वांगी, कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग, आणि जाळ कसा करावा यावर चार जणांची पाच मतं. आबा थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "सरका." एका हातात फावडं घेतलं. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच त्यांच्या कामात बघत होतो. पऱ्हाट्या मोडून त्यांनी कडेकडेनं सारल्या, मध्ये अगदी पातळ थर ठेवला. जाळ सगळीकडे सारखा धरला. धूर नाही, भडका नाही.

साडू म्हणाले, "आबा, काय कसब आहे हो!"

"पंगतमा वाढतस तशी आग वाढानी," आबा म्हणाले. "कोपरामा आधी वाढानं. मधलाले काय, त्याले सगळेच देखतस." मग इंजिनावरचं सांगायला लागले. भट्टीचं दार उघडायचं, फावडं आत कोपऱ्यापर्यंत झोकायचं, दार लावायचं, पुन्हा उघडायचं. मे महिन्यात पुढून नडग्या भाजतात आणि पाठीवर घाम वाऱ्यानं गार पडतो. खाली रूळ हलतात, वर माणूस हलतो, मधे फावडं तेवढं सरळ ठेवायचं. आग दिसते, तिची फार भीती नसते, असं ते म्हणाले. भीती पाण्याची. पाणी बॉयलरच्या आत असतं, ते कुणाला दिसत नाही. दिसते ती फक्त काच.

वांगी भाजून झाली, सोलली गेली, भरीत झालं, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या आल्या. आबांनी पुरीबरोबर नुसती मिरची घेतली.

"भरीत?" साडूंच्या बायकोनं विचारलं.

"मी खात नाही."

"आणि भाजलं तर तुम्हीच!"

"भाजता येस," आबा म्हणाले. थोड्या वेळानं, फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू, आणि हळू बोलताना मी त्यांना क्वचितच ऐकलं असेल, म्हणाले, "सुपडू नाना फावडावर वांगं भाजे. त्याना मळामधलं. जामदाना."

हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं. सुपडू नाना म्हणजे त्यांचे ड्रायव्हर. चाळीसगाव ते धुळे या आमच्या लहानशा रेल्वेफाट्यावर दोघांची जोडी बरीच वर्षं चालली. नाना जामद्याचे. दुपारची गाडी धुळ्याहून निघून जामद्याला थांबायची तेव्हा नानांची बायको फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन फलाटावर उभी असायची. शिट्टीवरून तिला कळायचं की आज इंजिनावर नाना आहेत. नाना भाकरी घेत, ती इंजिनाकडे न बघता परत फिरे. बरोबर कालवण म्हणून फावड्यावर भाजलेलं वांगं, कांदा, मीठ. दोघं एकाच फडक्यावर जेवत.

बाकीचं मला खूप नंतर कळलं. आबांची नजर कमी झाली तेव्हा एका आखाजीला त्यांनी मला विचारलं, "भाऊ, जामद्याले येशात का मनासंगे?" दर आखाजीला आबा घरी जेवत नसत, सकाळच्या गाडीनं कुठेतरी जात, एवढंच गल्लीला ठाऊक होतं. भूषणला वाटे, जुन्या रेल्वेवाल्याकडे जातात. ते खोटंही नव्हतं.

गाडीत गर्दी नव्हती. बाहेर बोरविहीर, शिरूड, कापूस निघून गेलेली काळी रानं, ऊन नुसतं थरथरत होतं. आबा खिडकीशी बसले होते. राजमाने स्टेशन मागे पडलं तसं त्यांनी माझा हात धरला. त्यांचा तो गुळगुळीत तळहात गार होता, त्या उन्हातसुद्धा.

"इथंच," ते म्हणाले. आणि सांगायला लागले.

बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते बघायला दोन उभ्या काचेच्या नळ्या असतात, एक ड्रायव्हरच्या बाजूला, एक फायरमनच्या. नळीत पाणी जिथवर दिसेल तिथवर आत पाणी. पण नळी पूर्ण भरलेली असली तर रेघ दिसत नाही, आणि पूर्ण रिकामी असली तरीही दिसत नाही. दोन्ही काचा सारख्याच स्वच्छ दिसतात. म्हणून नुसतं बघायचं नसतं. खालचा नळ उघडून नळी मोकळी करायची, नळ लावायचा, आणि पाणी परत कुठवर चढतं ते बघायचं. त्या दिवशी नानांच्या बाजूची काच वाटेतच तडकली, ती त्यांनी बंद करून टाकली. उरली ती आबांची. नानांनी ओरडून विचारलं, काच देखी का? आबांनी मान वळवून बघितलं आणि ओरडून सांगितलं, देखी, भरेल शे. नळ उघडला नाही. थोड्या वेळानं नानांनी पुन्हा विचारलं. आबांनी पुन्हा तेच सांगितलं. आबा कोळसा फोडायला मागे वळले होते. नानांना काय वाटलं कोण जाणे, ते स्वतःच आबांच्या बाजूची काच बघायला आले. भट्टीच्या दारासमोरून.

भट्टीच्या छताला शिशाचं एक बूच असतं. छतावरचं पाणी संपलं की ते वितळतं आणि वाफ आगीत सुटते. आग आणि वाफ, दोन्ही दारातून बाहेर आली.

"मी त्याले वढी काढं," आबा म्हणाले. त्यांनी हात उलटे करून मांडीवर ठेवले होते. "हात मना. बाकी बठ्ठा तो." आबांचे फक्त हात भाजले, नाना सगळेच भाजले आणि गेले.

गाडीतल्या कुणालाही खरचटलं नाही. जामद्याच्या फलाटावर नानांची बायको भाकरी घेऊन उभी होती. शिट्टी झालीच नाही.

चौकशी झाली. पाण्याची जबाबदारी ड्रायव्हरची, हे उघडच आहे. हातांना फडकी बांधलेल्या आबांना कुणीतरी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, आठवत नाही. मग सगळ्यांनी धरलं तेच ठरलं: सुपडू ड्रायव्हरनं पाणी बघितलं नाही. जामद्यात ते इतक्या वेळा बोललं गेलं की ते त्या घराचं नावच झालं. पाणी न बघणाऱ्याचं घर. त्यांच्या मुलीला, वत्सलाला, शाळेतली पोरं विहिरीवर चिडवत, तुझ्या बापाला विचार पाणी आहे का.

हात बरे झाल्यावर पहिल्याच आखाजीला आबा जामद्याला गेले, ते सगळं सांगून टाकायलाच. नानांच्या बायकोला, म्हणजे अक्काला, सांगायचं की नानानं विचारलं होतं, चूक माझी. ते दारात पोचले तर अक्का म्हणाली, बरं झालं आलास. त्यांनी शेवटचा घास तुझ्याबरोबर खाल्ला, आता त्यांच्या पाटावर तूच बसायचं. तिनं पाय धुतले, गंध लावलं. त्या घरची रीत अशी की पाटावर बसलेल्याशी नावानं बोलायचं नाही, गेलेल्याच्या नात्यानं बोलायचं. अक्कानं वाढलं आणि म्हणाली, "जेवा." नवऱ्याला म्हणतात तसं. आबांच्या तोंडून शब्द फुटला नाही. जेवण होईपर्यंत ते हिलाल नव्हतेच, आणि जेवण झाल्यावर परतीची गाडी.

"दर वरीसले सांगाले जास," आबा म्हणाले. "दर वरीसले जेई येस."

त्या दिवशीही तेच झालं. मी ओसरीवर बसून बघत होतो. अक्का वाळकी, काटक बाई, डोक्यावरचा पदर जरासुद्धा ढळू न देणारी. वत्सला जामनेरला दिलेली, आखाजीला माहेरी आलेली, तीही आता केस पिकलेली. घागर भरून ठेवली होती. अक्कानं विचारलं, "घागर भरेल शे ना?" आबा पाटावरून उठले, घागरीत बोट बुडवलं, ओलं बोट बघितलं आणि म्हणाले, "भरेल शे." पुरणपोळी, आमरस, कुरडया. निखाऱ्यावर आगारीचा घास पडला तेव्हा तुपाचा धूर उठला आणि आबांनी डोळे मिटले. ते प्रत्येक घास असा गिळत होते, जणू तो दुसऱ्या कुणाच्या घशात जायचा आहे.

परतताना गाडीत मी म्हणालो, "पुढच्या वर्षी सांगा."

"पुढला वरीसले," ते म्हणाले. खिडकीतून बाहेर बघत होते. राजमान्यापाशी त्यांनी पाय जवळ ओढून घेतले. बाकाखालून काही जात असल्यासारखे.

त्यानंतरच्या वर्षी शैला गेली. त्या दिवसांत आबा रोज संध्याकाळी येऊन माझ्याशेजारी बसत. जाताना माझ्या स्वयंपाकघरात जाऊन गॅसचं बटण हातानं चाचपून बघत आणि मगच निघत. मला कुणी धीराचं बोललेलं आता आठवत नाही. आबांचं ते आत जाऊन येणं तेवढं आठवतं.

गेल्या आखाजीला आम्ही पुन्हा निघालो. भूषण म्हणत होता, या उन्हात आबांना नेऊ नका, त्यांना जिना चढवत नाही. आबा ऐकेनात. स्टेशनवर तिकिटं मी काढली. ते बाकावर बसून आपल्या काठीकडे बघत होते. "वत्सूनी निरोप धाडेल शे," ते म्हणाले. "अक्कानं डोकं आते ठिकाणवर नही. माणूस वळखत नही. आते कोणले सांगू, भाऊ?"

गाडी लागली, तसं मी त्यांना हात देऊन उठवलं.

जामद्याच्या घरात घागर मांडली होती. अक्का भिंतीला टेकून बसली होती, पदर नीट, डोळे मात्र कुठेतरी लांब. वत्सलानं आबांचे पाय धुतले, पाट मांडला. मी नेहमीच्या जागी ओसरीवर. वत्सला वाढायला आत गेली आणि अक्कानं मान वळवून पाटाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर ओळख पसरत गेलेली मला स्पष्ट दिसली.

"उनात?" आलात का, असं नवऱ्याला विचारावं तसं तिनं विचारलं. "इतला उशीर? भाकर थंडी व्हई गयी."

आबांचा हात ताटावर गेला.

"मी फलाटवर उभी व्हती. गाडी कोठे अडकी गयी?"

आबांनी ताटावरचा हात मागे घेतला. म्हणाले, "राजमानेना पुढे."

"काय व्हयनं?"

"पानी संपी गयं."

अक्का भिंतीपासून पुढे सरकली. गावानं आयुष्यभर तिला जे ऐकवलं, ते तिनं नवऱ्याला कधीच विचारलं नव्हतं. विचारायला नवरा नव्हता. आता होता. "तुम्ही देखं नही?"

वत्सला आमरसाची वाटी घेऊन दारात येऊन थांबली होती. आबांना ती दिसली की नाही, मला सांगता येणार नाही.

"मी इचारं," आबा म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण इतका सावकाश, वयानं मोठ्या माणसासारखा, मी पूर्वी ऐकला नव्हता. "मी हिलालले इचारं, काच देखी का? तो म्हने, देखी, भरेल शे. त्यानी नुसती देखी. नळ उघाडा नही. मी दोनदा इचारं व्हतं त्याले."

ओसरीवर ऊन चढत होतं. आतल्या निखाऱ्यावर काहीतरी तडतडलं. अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडवत होती.

"हिलाल?" ती म्हणाली. "तो आपला धुळाना आंडोर? हडकुळा?"

"तोच."

"त्याले काही बोलू नका," अक्का म्हणाली. "पोर शे अजून. घाबरी जाई. आखाजीले जेवाले बलावा त्याले." आणि मग, नवरा उपाशी बसलाय हे एकदम लक्षात आल्यासारखं, "जेवा ना. वाढ वं वत्सू."

वत्सलानं वाटी ठेवली. तिनं पोळी वाढली, तूप वाढलं, आणि आबांच्या तोंडाकडे न बघता आत गेली. आबा जेवले. सगळं ताट. मी मान खाली घालून बसलो, कारण त्या खोलीत कोण जेवतंय हे मला त्या वेळी खात्रीनं सांगता आलं नसतं.

निघताना वत्सला बाहेर आली नाही. आबांनी उंबऱ्याशी थोडी वाट बघितली, मग काठी टेकत निघाले. आम्ही स्टेशनवर पोचलो. झाडाची सावली अशी नाहीच तिथं, एका पत्र्याखाली उभे राहिलो.

गाडी दिसायला लागली तेव्हा ती आली. डोक्यावर पदर घट्ट धरून, भर उन्हात, जवळजवळ धावत. हातात घागरीवरचं डांगर होतं. ते पितराला द्यायचं राहिलं होतं. तिनं ते आबांच्या दोन्ही हातांत ठेवलं, आणि पहिल्यांदाच त्या हातांकडे नीट बघितलं.

"आबा, नानांनी विचारलं होतं?"

"इचारं व्हतं, वत्सू."

"खरं?"

"दोनदा. आणि मग सोता उठी उना."

तिचा ओठ हलला. "मी लहान होते तेव्हापासून ऐकतेय," ती म्हणाली, "बघितलं नाही, बघितलं नाही." गाडी फलाटाला लागत होती. "हे मी गावात सांगणार आहे, आबा. घराघरांत जाऊन सांगणार."

"सांग," आबा म्हणाले. "मन्हं नाव लईसन सांग."

ती मागे सरली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. पुढच्या आखाजीला या, असंही म्हणाली नाही. पण गाडी सुटेपर्यंत ती त्या फलाटावर उभी होती, एवढं मी बघितलं. तिची आई जिथं भाकरी घेऊन उभी राहायची ती जागा नेमकी कोणती, हे मला ठाऊक नाही. आबांना असणार. ते वाकून तिकडेच बघत होते.

मग ते मागे टेकले. डांगर मांडीवर, दोन्ही हात त्याच्यावर. त्याचा गोड, जरासा जास्त पिकलेला वास डब्यात पसरला होता. राजमाने आलं आणि गेलं. मी त्यांच्या पायांकडे बघत होतो, पाय सैल पसरलेले होते. त्यांनी डोळे मिटले.

शिरूडच्या पुढे तिकीट तपासनीस डब्याच्या त्या टोकाला दिसला तेव्हा मी सवयीनं विचारलं, "आबा, तिकिटं आहेत ना?"

"शेत," आबा म्हणाले, म्हणजे आहेत.

डोळे उघडले नाहीत. खिशाकडे हात गेला नाही. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. तपासनीस आमच्या बाकापाशी येऊन थांबला, आणि त्यानं हात पुढे केला तेव्हा मला आठवलं की तिकिटं सकाळी मीच काढली होती, ती माझ्याच खिशात होती. मी ती काढून दिली. आबांना झोप लागली होती. तोंड थोडं उघडं, ऊन चेहऱ्यावर, आणि त्या चकचकीत हातांखालचं डांगर गाडीच्या हेलकाव्यानं जरा इकडे, जरा तिकडे होत होतं.